थंडीतला उलटा पंखा: कधी लावायचा आणि कधी नाही

आमच्या हॉलमधला जुना पंखा एका नोव्हेंबरात भरायला दिला होता. भरून आला, टांगला, फिरला, विषय संपला. पुढे होळीच्या सुमारास एका दुपारी घामाघूम होऊन पंखा पाचवर केला, तर अंगाला वाराच लागेना. पडदे मात्र भिंतीशी जोरजोरात हलत होते. मेकॅनिकने दारातूनच एक नजर टाकली आणि म्हणाला, "काका, हा उलटा फिरतोय. कपॅसिटरची वायर चुकलीय." चार महिने पंखा उलटा फिरत होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. थंडीत वाऱ्याशी देणंघेणं कोणाला असतं?

नंतर नवा रिमोटवाला पंखा घेतला, त्यावर उलटं फिरण्याचं बटण होतं आणि खोक्यावर 'विंटर मोड' असं काहीतरी छापलेलं होतं. मग मात्र हे खरंच चालतं का, हे बघायची खाज सुटली. आम्ही नाशिकला राहतो, घर सर्वांत वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट गच्ची. तीन हिवाळे करून पाहिल्यावर जे हाती आलं ते इथे क्रमाने सांगतो. बटण दाबलं की घर उबदार, असं काही नसतं. काही घरांत याचा चांगला उपयोग होतो, काही घरांत शून्य. तुमचं घर कुठल्या गटात बसतं, ते आधी तपासायचं.

पंखा नक्की काय करतो

पंखा हवा थंड करत नाही. उन्हाळ्यात तो अंगावरचा घाम वाळवतो आणि त्वचेलगतची गरम हवा हटवतो, म्हणून गार वाटतं. रिकाम्या खोलीत पंखा चालू ठेवला तर खोली थंड होत नाही, उलट मोटरची थोडी उष्णता खोलीतच राहते. तसाच तो थंडीत खोली गरमही करत नाही. तो करतो एकच काम, हवा ढवळतो.

गरम हवा हलकी, ती वर जाऊन स्लॅबखाली बसते. गार हवा फरशीवर. आपण सोफ्यावर किंवा पाटावर बसतो, म्हणजे नेमके गार थरात. पंखा सुलटा चालवला तर वरची हवा खाली येते खरी, पण ती झोत होऊन थेट अंगावर येते आणि त्यातली ऊब जाणवण्याआधीच हुडहुडी भरते. उलटा चालवला की पंखा मधली हवा वर ओढतो, ती छताला लागून चारी बाजूंना पसरते आणि भिंतींवरून हळूच खाली उतरते. मिसळण होतं, झोत लागत नाही.

हीच युक्ती द्राक्षबागांमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरतात. आमच्या निफाडकडे थंडीचा कडाका वाढला की शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात; कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात बातम्यांत असतो तो त्यासाठीच. न्यूझीलंड आणि कॅलिफोर्नियातल्या बागांमध्ये मात्र उंच खांबांवर भलेमोठे पंखे बसवलेले असतात. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची हवा गारठते आणि काही मीटर वर तुलनेने उबदार थर असतो, तो थर पंखे खाली ओढतात. पण तिथेही अट एकच: वर उबदार थर असला पाहिजे. वारा सुटलेला असेल आणि खाली-वर सारखीच थंडी असेल, तर पंखे फिरवून काही उपयोग नाही. घरातही अगदी तसंच आहे.

पहिली पायरी: वर ऊब आहे का, ते मोजा

साधा खोलीचा थर्मामीटर घ्या. डिजिटल घड्याळात येतो तो चालेल, ताप मोजायचा मात्र चालणार नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास खिडक्या बंद, पंखा बंद. थर्मामीटर आधी घोट्याच्या उंचीला, पाटावर वगैरे, दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि आकडा लिहून ठेवा. मग तोच थर्मामीटर छताखाली एक हातावर तेवढाच वेळ ठेवा. कपाटाच्या वर उभा करून ठेवता आला तर उत्तम, नाहीतर झाडूच्या दांड्याला बांधून तो दांडा कपाटाला टेकवा. दोन वेगवेगळे थर्मामीटर वापरू नका, स्वस्तातल्या दोघांत एक-दीड अंशाचा फरक सहज असतो आणि आपल्याला मोजायचाच तेवढा फरक आहे.

आमच्या हॉलमध्ये जानेवारीत संध्याकाळी सातला खाली २२.५ आणि वर २६ अंश भरले. साडेतीन अंशांचा फरक. दिवसभर उन्हात तापलेला स्लॅब संध्याकाळी खोलीत उष्णता सोडत असतो, ती सगळी वर लटकून राहिलेली. पहाटे साडेपाचला पुन्हा मोजलं तर वर १७ आणि खाली १७.५! म्हणजे पहाटेपर्यंत चित्र उलटं झालेलं होतं. रात्रभर गच्ची मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडून गार पडते आणि मग स्लॅबच खोलीतली ऊब शोषायला लागतो. अशा वेळी पंखा, उलटा असो की सुलटा, खोलीतली हवा त्या गार स्लॅबवर घासत राहतो. नुकसानच.

माझा ठोकताळा असा: फरक दोन अंशांहून जास्त असेल तर पंख्याचा उपयोग आहे. एक अंशाहून कमी असेल तर हा लेख इथेच सोडून गोधडी काढा. मधल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, खाली-वर दोन्हीकडे शेजारी असतील, तर बहुतेक वेळा फरक किरकोळच निघतो. माझ्या बहिणीकडे पुण्यात तिसऱ्या मजल्यावर मोजलं, जेमतेम अर्धा अंश. तिला म्हटलं, तू बटणाच्या नादी लागू नकोस.

दुसरी पायरी: पंखा उलटा फिरू शकतो का

आपल्याकडचे जुने, भिंतीवरच्या रेग्युलेटरने चालणारे ७०-८० वॅटचे पंखे एकाच दिशेने फिरतात. नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे ३० वॅटच्या आसपास वीज घेतात आणि रिमोटवर चालतात, त्यांतल्या काही मॉडेलांना उलट फिरण्याची सोय असते. सगळ्यांना नसते, म्हणून घेताना दुकानदाराकडून चालवून दाखवून घ्या. छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, पण ते लेबल वीज किती लागते ते सांगतं, पंखा उलटा फिरतो की नाही ते नाही.

जुना पंखा कपॅसिटरची वायर बदलून उलटा करता येतो, आमच्याकडे तो चुकून झालाच होता. पण मुद्दाम करू नका. बऱ्याच पंख्यांच्या मोटरमधल्या दोन वाइंडिंग, म्हणजे तारांची वेटोळी, सारख्या नसतात, चुकीच्या वाइंडिंगवर भार पडला की मोटर तापते. शिवाय मार्चमध्ये पुन्हा शिडीवर चढून वायर बदलायची. जुन्या पंख्यासाठी वेगळी सोपी युक्ती आहे, ती पुढे सांगतो.

बीएलडीसी पंखा बसवताना जुना रेग्युलेटर मधून काढून टाका, म्हणजे पंख्याला स्विचवरून थेट लाइन मिळेल. रेग्युलेटर तसाच ठेवून वर रिमोट चालवला की पंख्यातलं सर्किट बिघडतं, आणि हे वॉरंटीत बसत नाही असं मग ऐकावं लागतं.

आता जागा. उलटा पंखा वर हवा फेकतो, म्हणून पाती आणि छत यांच्यात मोकळी जागा हवी. एक फूट असेल तर छान. पीओपी छत करताना दांडा आखूड करून पंखा छताला चिकटवला असेल, तर हवेला पसरायला वावच राहत नाही आणि पंखा नुसता घोंघावतो. पाती फरशीपासून सात फुटांच्या खाली मात्र येऊ देऊ नका. पोरं पलंगावर उड्या मारतात, उंच पाहुणा स्वेटर काढताना हात वर करतो.

तिसरी पायरी: आधी धूळ

ही पायरी मी पहिल्या वर्षी गाळली आणि नुकत्याच वाढलेल्या मटार उसळीवर पावसाळ्यापासूनची धूळ पडली. पंखा सुलटा फिरताना धूळ पात्यांच्या कडेला आणि वर घट्ट बसते. दिशा बदलली की ती सुटते आणि खाली येते.

मेन स्विच बंद करा. नुसता पंख्याचा स्विच नको, तो घरातलं कोणीही खालून चालू करू शकतं. उशीचा जुना अभ्रा घ्या, पात्यावर पिशवीसारखा चढवा आणि दाबून ओढून घ्या. धूळ अभ्र्यात राहते, डोळ्यांत येत नाही. मग किंचित ओल्या फडक्याने पुसा. पुसताना दुसऱ्या हाताने पात्याला खालून आधार द्या, पातं जरा जरी वाकलं तरी पंखा डुलायला लागतो. वर चढलेच आहात तर हुकाजवळची वाटी सरकवून नट आणि पिन जागेवर आहेत ना, तेही बघून घ्या.

चौथी पायरी: उलटा करा, पण पंखा थांबल्यावर

पंखा पूर्ण थांबू द्या, मग दिशेचं बटण दाबा. काही पंखे चालू असताना बटण दाबलं तरी स्वतः थांबून उलटे फिरतात, तरीही थांबवून करण्याची सवय बरी.

दिशा बरोबर आहे का? घड्याळाच्या काट्यांचा हिशेब डोक्यात गोंधळ करतो, कारण आपण खालून बघतोय की वरून हे लोक सांगत नाहीत. त्यापेक्षा पातं बघा. फिरण्याच्या दिशेला असलेली कड वर उचललेली असेल तर वारा खाली येतो, ती खालच्या बाजूला असेल तर वर जातो.

याहून सोपी परीक्षा उदबत्तीची. पंख्याच्या बरोबर खाली उदबत्ती धरा. धूर वरून कोणी ओढल्यासारखा सरळ वर गेला की पंखा उलटा फिरतोय. मग तीच उदबत्ती भिंतीजवळ न्या, धूर खाली झुकायला हवा. कापडी पडद्याजवळ जपून.

वेग सगळ्यांत कमी ठेवा. एकवर. फार तर दोनवर. तुम्ही जिथे बसता तिथे उदबत्तीचा धूर किंचित लवला तर ठीक, सैरावैरा पळत असेल तर वेग जास्त आहे. बसल्या जागी हवेचा वेग सेकंदाला वीसेक सेंटिमीटरच्या वर गेला की गारव्यात झोत जाणवायला लागतो. वेग वाढवून जास्त ऊब मिळत नाही, हे आमच्या बाबांना पटायला दोन हिवाळे लागले. ते अजूनही मधूनच तीनवर करतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा: हवा भिंतींवरून उतरते, म्हणून भिंतीला खेटून बसणाऱ्याला किंवा झोपणाऱ्याला गार वाटू शकतं. दिवाण हातभर पुढे ओढला की प्रश्न मिटतो.

वेळ कोणती

बटणापेक्षा वेळेला महत्त्व जास्त आहे. आमच्या घरी डिसेंबर-जानेवारीत चालतं ते असं. सकाळी अकराच्या पुढे दक्षिणेकडच्या खिडक्यांचे पडदे पूर्ण उघडे, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि ऊन थेट फरशीवर येतं. साडेचार-पाचला, बाहेर गारठा सुरू होण्याआधी, खिडक्या बंद आणि पडदे ओढलेले. साडेसहा ते साडेआठ-नऊ उलटा पंखा एकवर. या दोन तासांत खालचा पारा आमच्याकडे सव्वा ते दीड अंशाने चढतो. ऐकायला थोडं वाटेल, पण फरशीवर बसून जेवणाऱ्या घरात पाय गार पडत नाहीत. झोपताना पंखा बंद. पहाटेच्या आकड्यांचं कारण वर सांगितलंच आहे.

सकाळी सगळे उठल्यावर समोरासमोरच्या दोन खिडक्या दहा मिनिटं उघडा. रात्रभर बंद खोलीत माणसं झोपली की हवा कोंदट होते, काचांवर दव धरतं, कपाटामागे बुरशी येते. याला पंखा हा उपाय नाही. तो खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत आणत नाही.

विजेचं म्हणाल तर बीएलडीसी पंखा एकवर पाच-सहा वॅट घेतो. म्हणजे एक युनिट जळायला दीडशेहून जास्त तास.

साधाच पंखा असेल तर

खोली रिकामी असताना, जेवणाच्या आधी वगैरे, खिडक्या बंद करून पंखा पाच-सात मिनिटं सुलटाच जोरात चालवा आणि बंद करा. मिसळण झालं की काम झालं. झोत लागायला कोणी बसलेलंच नसेल, तर दिशेने काही बिघडत नाही. तासाभराने थर पुन्हा साठले तर पुन्हा एकदा. आम्ही बेडरूममध्ये अजून हेच करतो.

थंडीत पंखा एकवर सुरूच होत नाही, नुसता गुरगुरतो, अशी तक्रार बरेचदा असते. कपॅसिटर कमकुवत झालेला असतो किंवा बेअरिंगमधलं ग्रीस जुनं होऊन घट्ट झालेलं असतं. तात्पुरतं चारवर सुरू करून एकवर आणा आणि इलेक्ट्रिशियनला कपॅसिटर बदलायला सांगा, फार खर्चाचं काम नाही.

खोलीत हीटर असेल तर

इथे उलट्या पंख्याचा खरा फायदा दिसतो, पण हीटर कोणता यावर सगळं आहे. पन्हाळी पत्र्यासारख्या पट्ट्यांचा ऑइल हीटर आजूबाजूची हवा तापवतो, ती सरळ वर जाते. पंखा तिला खाली आणतो. भिंतीवर उंच बसवलेला, गरम हवा देणारा एसी असेल तरी तेच, फक्त त्याची झडप खालच्या दिशेला वळवा. लाल तापणाऱ्या दांड्यांचा हीटर समोरच्याला थेट शेकतो, हवा फारशी तापवत नाही, तिथे पंखा कशाला? आणि ब्लोअरला स्वतःचाच पंखा असतो.

हिशेब साधा आहे. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो. पंख्यामुळे तो अर्धा तास आधी बंद करता आला तर रोज एक युनिट वाचतं.

आता गंभीर गोष्ट. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा घमेल्यातला विस्तव ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपेतच माणूस जातो. पंखा चालू आहे म्हणून धोका टळत नाही, विषारी वायू तो खोलीभर सारखा पसरवतो इतकंच. बाथरूममधल्या गॅस गीझरलाही हेच लागू, तिथली हवेची जाळी थंडी वाजते म्हणून पुठ्ठ्याने बंद करू नका.

मुंबई-कोकणवाले आणि परदेशातले

मुंबई, रत्नागिरी, गोवा इथल्या थंडीत उलट्या पंख्याचं काही काम नाही. तिथे लोक पंखा एकवर लावून वर चादर घेतात, आणि ते बरोबरच आहे, कारण पंखा डासांसाठी असतो. उलट्या पंख्याने डास हटत नाहीत, ते हटायला अंगावर थेट वारा यावा लागतो. आमच्याकडे उलटा पंखा सुरू केल्यावर मच्छरदाणी लावावी लागली. तान्ह्या बाळाच्या खोलीतही सुलट्या झोतापेक्षा मच्छरदाणी बरी.

अमेरिका-कॅनडात नुकतंच बिऱ्हाड हलवलेल्यांसाठी गोष्ट बरीच सोपी आहे. तिथल्या बऱ्याच छतपंख्यांच्या मोटरच्या डब्यावर छोटी सरकती कळ असते, पंखा थांबवून ती सरकवायची. घर सतत गरम केलेलं असतं, त्यामुळे वर ऊब असतेच, विशेषतः दुमजली उंचीचा हॉल असेल तर. तिथे पंखा दिवसभर एकवर चालू ठेवायला हरकत नाही. फायदा पदरात पाडायचा असेल तर थर्मोस्टॅट एखाद्या अंशाने खाली आणा, नाहीतर पंखा फिरतोय आणि बिल तेवढंच, असं होईल.

आणि मार्चमध्ये

पंखा सुलटा करायचा. कॅलेंडरवर होळीच्या चौकोनात आमच्याकडे आता 'पंखा' एवढंच लिहिलेलं असतं. त्याच दिवशी अभ्रा घेऊन पाती पुन्हा पुसायची, कारण चार महिन्यांची धूळ या वेळी दुसऱ्या बाजूला बसलेली असते. पुरणपोळ्या ताटात वाढायच्या आधी पुसायची.